दहाच्या आत : एका मागच्या शॉकची गोष्ट

गेले तीन शनिवार इथे शुकशुकाट होता. कारण रिलीज नव्हतं, बॉस नव्हता, आजारपणही नव्हतं. कारण होतं एक मोटरसायकल. माझी नव्हे, मित्राची. आणि नेमकं सांगायचं तर सगळी मोटरसायकलही नव्हे, तिचं फक्त मागचं सस्पेन्शन! आता तुम्ही म्हणाल, सस्पेन्शनवर कोणी निबंध लिहितं का? पण या सस्पेन्शनपायी मी बारावीनंतर पहिल्यांदाच कागदावर बलांचे बाण काढले, त्यामुळे एवढा हक्क मला आहे असं समजतो.

मित्र म्हणजे इंजिनीअरिंगची चार वर्षं होस्टेलवरचा माझा रूममेट. मूळचा साताऱ्याचा. सध्या दोघंही न्यू जर्सीत, एडिसनला, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. २००४ मध्ये 'धूम' आला तेव्हा आम्ही शाळकरी पोरं होतो. त्यातल्या जॉन अब्राहमच्या हायाबुसाने आमच्या पिढीतली बरीच डोकी कायमची बिघडवली, त्यातलं एक याचं. (हायाबुसा म्हणजे जपानीत बहिरी ससाणा. सुझुकीने ती १९९९ मध्ये बाजारात आणली.) इथे येऊन पहिली दोन वर्षं पैसे साठवले आणि साहेबांनी दुसऱ्या पिढीतली, म्हणजे २००८ नंतरची, एक सेकंडहँड हायाबुसा घेतली.

यंदा त्याच्या बाबांची तब्येत ढासळली. घरात दुसरं कोणी नाही. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये तो कायमचा परत चालला आहे. गाडी इथेच विकायची. पण जायच्या आधी एक इच्छा होती : पाव मैल दहा सेकंदांच्या आत. एकदाच. त्या कागदाची चिठ्ठी खिशात घालून विमानात बसायचं.

ज्यांना ड्रॅग रेसिंग हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सरळ रस्ता, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. उभ्या गाडीपासून सुरुवात. दिव्यांचं झाड हिरवं झालं की सुटायचं. वळण नाही, खड्डा नाही, ओव्हरटेक नाही. अमेरिकेत हा खेळ एवढा जुना आहे की त्याची मुख्य संघटना, एनएचआरए, १९५१ सालची आहे. आणि तो फक्त व्यावसायिकांचा नाही. बऱ्याच ठिकाणी 'टेस्ट अँड ट्यून'च्या दिवशी कोणीही पैसे भरून, तपासणी करून घेऊन, लेदर सूट आणि हेल्मेट चढवून स्वतःची गाडी पळवू शकतो. आमच्या अगदी जवळची, एंगलिशटाउनची रेसवे पार्क १९६५ पासून चालू होती, पण २०१८ मध्ये तिथलं ड्रॅग रेसिंग बंद झालं. त्यामुळे आम्ही जातो उत्तरेला ग्रेट मेडोजच्या आयलंड ड्रॅगवेला.

प्रत्येक धावेनंतर एक चिठ्ठी हातात मिळते. तिच्यावर पहिल्या ६० फुटांना किती वेळ लागला, ३३० फुटांना किती, अर्ध्या अंतराला किती आणि शेवटी किती, हे सगळं हजारांश सेकंदांत छापलेलं असतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही चिठ्ठी लगेच कळते. हा तर प्रोफायलरचा रिपोर्ट! कुठल्या फंक्शनमध्ये किती वेळ गेला ते सरळ लिहिलेलं.

मित्राची जून महिन्यातली सर्वांत चांगली चिठ्ठी : ६० फूट १.८६ सेकंद, पाव मैल १०.४९. आता ही गाडी काही कमी दमाची नाही. मासिकांच्या सराईत टेस्ट रायडरांनी कारखान्यातून आलीय तशा हायाबुसावर दहाच्या आत पाव मैल कापलेला आहे. म्हणजे इंजिनाला हात लावायची गरजच नव्हती. वेळ जात होता तो पहिल्या ६० फुटांत, म्हणजे जेमतेम १८ मीटरमध्ये. आणि तिथला घोळ डोळ्यांना दिसत होता : क्लच सोडला की पुढचं चाक हवेत, मग हा थ्रॉटल कमी करणार, चाक दाणकन खाली, मग पुन्हा थ्रॉटल. तेवढ्यात पाव सेकंद गेलाच.

मग सुरू झाला सल्ल्यांचा पाऊस. ड्रॅग स्ट्रिपवर सल्ला फुकट असतो, अगदी आपल्याकडच्या लग्नातल्यासारखा. पर्याय तीन निघाले.

एक, लांब स्विंगआर्म. मागचं चाक ज्या दांड्यावर वरखाली झुलतं तो दांडा. आपल्याकडचे फिटर याला चिमटा म्हणतात. तो सहा इंचांनी लांब केला की मागचं चाक मागे जातं आणि गाडी उचलत नाही.

दोन, गाडी बसकी करणं. मागच्या शॉकच्या जोडणीत ज्या दोन पट्ट्या असतात (इथे त्यांना डॉगबोन म्हणतात, दिसतातही कुत्र्याच्या हाडासारख्या), त्या वेगळ्या मापाच्या टाकायच्या. मागची बाजू खाली येते. पुढचा फोर्क पट्ट्याने आवळून दाबून ठेवायचा.

तीन, नवा महागडा शॉक. म्हणजे आपल्या गॅरेजांतला 'शॉकअप'च, पण तीन ठिकाणी नॉब असलेला.

याशिवाय एक चौथा, टोकाचा : शॉक काढून त्याजागी कडक दांडाच ठोकायचा. हा वेडेपणा नाही. नायट्रोमिथेनवर धावणाऱ्या टॉप फ्युएल मोटरसायकलींना मागे सस्पेन्शनच नसतं. जी काही लवचीकता हवी ती रुंद, मऊ टायरच्या भिंतींतून घेतात. पण त्या गाडीवर कोणी सोमवारी ऑफिसला जात नाही. आमचा जातो. आणि पाव मैल संपताना ही गाडी ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात असते. तिथे लागलेला एखादा उंचवटा कडक दांड्यावर सरळ पाठीच्या कण्यात जाणार. तेव्हा चौथा पर्याय चहाबरोबरच संपला.

उरलेल्या तीनपैकी एकाचेच पैसे होते. शिवाय अट अशी की ऑक्टोबरमध्ये गाडी विकताना सगळं काढून मूळ भाग परत बसवता आले पाहिजेत.

"तू सांग लेका, काय घेऊ?" तो म्हणाला. मी म्हणालो, "एक दिवस दे. कागदावर मांडतो."

आता थोडं भौतिकशास्त्र. घाबरू नका, अकरावीच्या पुढे जात नाही.

सगळ्यात आधी एक गैरसमज. 'मागचा शॉक मऊ ठेव, म्हणजे वजन मागे जास्त जाईल आणि टायर पकडेल' असं निम्मी स्ट्रिप सांगते. गाडी पुढे झेपावते तेव्हा पुढच्या चाकावरचा भार मागे जातो हे खरं. पण किती जातो ते ठरतं चार गोष्टींवर : वस्तुमान, त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर. या सूत्रात स्प्रिंग कुठेच नाही! स्प्रिंग मऊ असो की कडक, शेवटी जाणारा भार जवळजवळ तेवढाच. सस्पेन्शन ठरवतं ते फक्त हे : तो भार किती लवकर जातो, झटक्याने जातो की सावकाश, आणि त्यादरम्यान गाडीची उंची आणि रोख किती बदलतो. म्हणजे शॉक भार तयार करत नाही, त्याची डिलिव्हरी करतो.

दुसरी गोष्ट, पुढचं चाक कधी उचलतं? मागच्या चाकाच्या टेकण्यापासून गुरुत्वमध्य पुढे जेवढा, त्याला त्याच्या उंचीने भागायचं. जे येईल तेवढे 'जी' त्वरण झालं की पुढचं चाक जमीन सोडणार. या हायाबुसाच्या दोन चाकांमधलं अंतर १,४८० मिलिमीटर. रायडर धरून गुरुत्वमध्य साधारण मध्यावर, म्हणजे ७४० वर, आणि उंची ६५० धरली (हे दोन माझे अंदाज). भागाकार येतो १.१४. म्हणजे १.१४ जीच्या पुढे गेलात की गाडी उभी राहणार.

पन्नास मिलिमीटर बसकी केली तर : ७४० भागिले ६००, म्हणजे १.२३.

सहा इंच लांब चिमटा, पण उंची तीच : १.३५.

दोन्ही केलं तर जवळपास १.४७.

एवढंच बघितलं तर निकाल उघड आहे. लांब चिमटा घ्या, बसकी करा, संपलं. माझा मित्र तर कार्ड काढून बसला होता.

पण इथे एक तिसरा आकडा येतो, जो कॅटलॉगमध्ये नसतो : टायरची पकड. आमचा टायर रस्त्यावरचा, ड्रॅगचा खास स्लिक नव्हे. स्टार्टलाइनवर चिकट रसायन फवारलेलं असतं, बर्नआउट करून रबर गरम केलेलं असतं, तरी त्याचा घर्षण गुणांक मी १.२ धरला. आता गंमत बघा. गाडी उचलत नाही याचा अर्थ पुढच्या चाकावर अजून भार आहे. आणि पुढच्या चाकावरचा भार ढकलण्याच्या काही कामाचा नाही, तो मागच्या टायरपासून हिरावलेला असतो! लांब आणि बसक्या गाडीचं गणित १.२ पकडीवर मांडलं तर ती ०.९९ जीलाच चाक फिरवायला लागते. मूळ गाडी १.१४ पर्यंत जाते. म्हणजे पैसे घालून गाडी मंद!

आणि नुसती पन्नास मिलिमीटर बसकी केलेली? १.१७. सगळ्यांत जास्त.

मी हे तीनदा तपासलं. मग लक्षात आलं की यात नवल काहीच नाही. आदर्श गाडी ती, जिचं पुढचं चाक उचलायचा क्षण आणि मागचं घसरायचा क्षण जवळजवळ एकच असतो. टायर १.५ ची पकड देत असता तर लांब चिमटाच बरोबर ठरला असता. स्लिक वापरणारी मंडळी गाड्या दीडदीड हात लांब करतात ती उगीच नाही. पण लांब चिमटा हा चांगल्या टायरचा जोडीदार आहे, त्याचा पर्याय नव्हे. डेटाबेस रखडत असताना वेब सर्व्हर वाढवून काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तर ठरलं : डॉगबोन पट्ट्या आणि पुढचा पट्टा. सगळ्यांत स्वस्त पर्याय. शॉक मूळचाच, पण त्याचे स्क्रू नीट लावायचे.

आणि खरं काम इथून पुढे सुरू झालं, कारण बसकी करण्याचेही परिणाम असतात. थ्रॉटल पिळला की मागे दोन बलांची कुस्ती लागते. मागे आलेला भार शेपटी खाली दाबतो. उलट, चेनची ओढ आणि चाकाचा पुढचा रेटा तिरक्या चिमट्यातून शेपटी वर उचलायला बघतात. चिमट्याचा कण्याकडचा सांधा चाकाच्या आसापेक्षा जेवढा वर, तेवढी ही वर उचलणारी बाजू जोरात. याला अँटी-स्क्वॉट म्हणतात. दोन्ही बलं बरोबरीत सुटली की गाडी बसतही नाही, उठतही नाही. आता मागची बाजू खाली आणली की चिमटा आडवा होतो, अँटी-स्क्वॉट कमी होतो, आणि तोच शॉक, तीच स्प्रिंग असूनही गाडी सुटताना जास्त बसायला लागते. शेपटी बसली की नाक वर. रायडरला वाटतं गाडी उचलतेय आणि तो थ्रॉटल सोडतो. प्रत्यक्षात चाक जमिनीवरच असतं! त्याचे १.८६ सेकंद बऱ्याच अंशी या भीतीचे होते. पुढचा फोर्क आवळून ठेवल्याचा मोठा फायदा हाच, नाक डोळ्यांसमोर वर येत नाही.

आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो, कोणाला उपयोग होईल.

आधी उंची, मग बाकी सगळं. पट्ट्या बसवल्यावर मागची बाजू रॅचेटच्या पट्ट्याने पूर्ण आवळून पाहिली. टायर आतल्या मडगार्डला घासतोय का, चेन कुठे लागतेय का, सायलेन्सर जमिनीपासून किती वर राहतो. हे न बघता स्ट्रिपवर जाऊ नये. बसक्या गाडीचा टायर पूर्ण दाबला गेल्यावर कुठे पोचतो हे ताशी दोनशेवर कळण्यापेक्षा पार्किंगमध्ये कळलेलं बरं. साइड स्टँडही आखूड लावावा लागला, नाहीतर गाडी उभीच्या उभी राहून पलीकडे कलंडते.

मग प्रीलोड. दुसरा लोकप्रिय गैरसमज असा की प्रीलोड आवळला की स्प्रिंग कडक होते. नाही होत. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, फक्त गाडी स्प्रिंगवर किती उंच उभी राहते ते बदलतं. रायडर बसल्यावर ठरलेली उंची मिळेल एवढाच तो ठेवला.

मग कम्प्रेशन डँपिंग, म्हणजे शॉक दाबला जाताना होणारा विरोध. हा थोडा वाढवला. फार मऊ असेल तर गाडी झटकन बसते, तळाला आपटते आणि टायरला धक्का बसून पकड सुटते. फार कडक केला तर भार टायरवर एकदम आदळतो, तेही वाईट. शॉकच्या दांड्यावर एक बारीक झिप टाय बांधला. धाव संपली की तो कुठवर सरकलाय ते बघायचं. दोन रुपयांचा लॉगर!

शेवटी रिबाउंड, म्हणजे दाबलेला शॉक परत उलगडतानाचा विरोध. गिअर बदलताना क्षणभर ताकद तुटते, भार पुढे जातो, शेपटी उसळते, आणि पुढच्या क्षणी पुन्हा ताकद येते. रिबाउंड सैल असेल तर प्रत्येक गिअरला गाडी घोड्यासारखी डुलते. तो दोन क्लिक आवळला.

आणि नियम एकच : एका धावेत एकच बदल. मी बाजूला उभं राहून मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रण घ्यायचो, तो चिठ्ठी आणायचा, मग ट्रेलरच्या सावलीत वहीत नोंद. दोघांनीही इतकी शिस्त नोकरीत कधी दाखवलेली नाही.

पहिल्या शनिवारी ६० फूट १.७८. दुसऱ्या शनिवारी १.७१. पाव मैल १०.१५.

त्या संध्याकाळी शेजारच्या ट्रेलरवाल्याने, माणूस अगदी दिलदार, त्याच्याकडचा जुना लांब चिमटा पुढच्या आठवड्यापुरता देऊ केला. सोबत वापरलेला स्लिकही. फुकट! आणि माझंच गणित सांगत होतं की स्लिकसकट घेतला तर नऊ सेकंद हातात आहेत. मित्राचे डोळे चमकले. मी चिमटा उलटा करून पाहिला. मूळचा ॲल्युमिनियमचा चिमटा मधे कापून, तुकडा घालून वेल्ड केलेला. कोणी केला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याच्याकडेही तो असाच फिरत आला होता. उष्णता देऊन कणखर केलेलं ॲल्युमिनियम वेल्डच्या आजूबाजूला मऊ पडतं. पुन्हा तशीच प्रक्रिया केली असेल तर ठीक, नसेल तर तडा कधी जाईल सांगता येत नाही. वरून रंग दिलेला होता, त्यामुळे बघूनही काही कळण्यासारखं नव्हतं.

मी म्हणालो, "हे नको."

"अरे, तो स्वतः वर्षभर पळवलाय म्हणतोय. एकच आठवडा तर आहे."

"तुला घरी कशासाठी जायचंय?"

तो काही बोलला नाही. जरा वेळाने उठला, त्या माणसाचे आभार मानून चिमटा त्याच्या ट्रेलरमध्ये ठेवून आला. परतीच्या रस्त्यावर तासभर आम्ही दोघंही गप्प होतो. मला वाटतं तो माझ्यावर थोडा चिडलेला होता, आणि त्याचा तो हक्क होता. स्वप्न त्याचं, मोडता मी घातलेला.

गेल्या शनिवारी शेवटची संधी होती. चार धावा. हवा थंड, इंजिन खुशीत. तिसऱ्या धावेला चिठ्ठी आली : ६० फूट १.६६, पाव मैल १०.०४.

चौथी १०.०७. मग दिवे मालवले.

चार शतांश! त्याने चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून पाकिटात ठेवली, बाबांच्या पासपोर्ट साइझ फोटोमागे. म्हणाला, "उरलेले चार शतांश माझे आहेत, गाडीचे नाहीत." माझ्या मते तोपर्यंतच्या सगळ्या इंजिनीअरिंगमधलं हे सर्वांत अचूक विधान होतं. मूळ शॉक, रस्त्यावरचा टायर आणि दोन पट्ट्या घेऊन साडेचार दशांश सेकंद कमी झाले होते. यापुढचं क्लच सोडणाऱ्या बोटांचं.

आता पुण्या-मुंबईत हे वाचून ज्यांचे हात शिवशिवत असतील त्यांच्यासाठी दोन शब्द. रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे फेरफार करायला कलम ५२ आडवं येतं. पण आपल्याकडेही बंद धावपट्टीवर रीतसर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत, अगदी लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीलाही. पळवायचीच तर अशा ठिकाणी. आणि सेटअप निवडताना प्रश्नांचा क्रम लक्षात ठेवा : टायर किती पकडतो? त्यावरून उंची आणि लांबी. त्यावरून स्प्रिंग. सगळ्यात शेवटी डँपिंगचे स्क्रू. बहुतेक लोक शॉकच्या किमतीपासून सुरुवात करतात, आणि टायरचा विचार सगळ्यात शेवटी करतात.

गाडीला गिऱ्हाईक मिळालं आहे. या रविवारी मूळ पट्ट्या परत चढवायच्या आहेत. मला बोलावणं आहे, पोह्यांसकट. साताऱ्याला फोनवर विचारलं तर काका म्हणाले, "दहा सेकंद म्हणजे काय रे फार नाही, पण पोराला घेऊन ये एकदाचा." त्याचं तिकीट झालंय असं त्यांना सांगितलं.

असो. पुढच्या शनिवारी भेटू, यावेळी नक्की!